इतिहास शिकून काय होते? एका आर्मेनियन विद्वानाची कहाणी

मागच्या रविवारी सकाळीच आमच्या वस्तीतील एक सफाई कामगार बंधू आमच्याकडे आले. मुलगी बारावी पास झाली आहे. तिला बी. ए. ला इतिहास घ्यायचा आहे आणि घरात सर्वांचा विरोध आहे. बंधू म्हणाले, "भाऊ, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच तिला चार शब्द सांगा. सनावळ्या पाठ करून पोट भरते का?"

आम्ही स्वतः बी. कॉम. झालो ते याच भीतीपोटी. कारकुनाची नोकरी लागली, घर चालले, मुले शिकली. तेव्हा त्या बंधूंना दोष देण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण मुलगी खाली मान घालून म्हणाली, "काका, आजीने जे सोसले ते कोणी लिहून ठेवलेच नाही तर पुढे कोणाला खरे वाटेल?" या प्रश्नावर आम्ही गप्प झालो. आणि त्याच वेळी आम्हाला एका परक्या देशातील माणसाची आठवण झाली. हा माणूस आपल्या लोकांवर झालेल्या अन्यायाचा इतिहास शिकला, त्याने तो जगापुढे मांडला आणि एके दिवशी त्याला त्याच्या लोकांचे राज्य चालविण्यासाठी सल्ला द्यायला बोलावणे आले. इतिहास शिकून काय होते, याचे उत्तर त्याच्या आयुष्यात आहे. मात्र ते उत्तर सोपे नाही, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो.

या माणसाचे नाव जिरायर लिबारिदियन. इंग्रजीत त्यांना जेरार्ड लिबारिदियन म्हणतात.

आर्मेनिया म्हणजे कोठे?

तुर्कस्तानच्या पूर्वेला, इराणच्या उत्तरेला डोंगराळ मुलखात आर्मेनिया हा लहानसा देश आहे. लोकसंख्या सुमारे तीस लाख. क्षेत्रफळ आपल्या महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याएवढे. येरेवान ही राजधानी. येरेवानमधून बर्फाच्छादित अरारात पर्वत स्पष्ट दिसतो. आर्मेनियन माणूस त्याला आपला मानतो, पण तो पर्वत उभा आहे सरहद्दीपलीकडे, तुर्कस्तानात! रोज डोळ्यांसमोर दिसावे आणि हात लावता येऊ नये, अशी ही गोष्ट आहे.

आपल्याकडे जसे आडनावाच्या शेवटी 'कर' येते, तसे त्यांच्याकडे 'यान' किंवा 'इयन' येते. त्याचा अर्थ अमक्याच्या घराण्यातला. त्यामुळे आर्मेनियन माणूस जगात कोठेही असो, आडनावावरून ओळखू येतो. आणि ते जगभर आहेत. देशात राहणाऱ्या आर्मेनियनांपेक्षा देशाबाहेर राहणाऱ्यांची संख्या अधिक मानली जाते. लेबनॉन, सीरिया, फ्रान्स, अमेरिका, रशिया अशा अनेक देशांत त्यांच्या वस्त्या आहेत.

हे लोक असे विखुरले गेले, त्यामागे व्यापारही आहे, पण सर्वांत मोठे कारण म्हणजे १९१५ साल. त्या वेळी आर्मेनियनांचा मोठा भाग तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्यात राहत होता. पहिले महायुद्ध चालू होते. २४ एप्रिल १९१५ च्या रात्री राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये आर्मेनियन समाजातील लेखक, वकील, पुढारी यांची धरपकड झाली. म्हणजे समाजाचे डोके आधी कापले गेले. नंतर गावेच्या गावे उठवून सीरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकलण्यात आली. पुरुषांना ठार केले, बायामुले वाटेत भुकेने, तहानेने, रोगाने मेली. मृतांचा आकडा सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत सांगितला जातो. आर्मेनियन लोक पंधरा लाख मानतात. पुढे १९४४ मध्ये राफाएल लेम्किन या पोलिश-ज्यू कायदेपंडिताने 'वंशसंहार' या अर्थाचा नवा इंग्रजी शब्द घडविला, तेव्हा त्याच्या मनात आर्मेनियनांचे हे उदाहरण होते. तुर्कस्तानचे सरकार मात्र त्याला वंशसंहार म्हणायला आजही तयार नाही.

बैरुतचा मुलगा

वाळवंटातून जे वाचले त्यांतील हजारो लोक सीरिया आणि लेबनॉनमध्ये निर्वासित म्हणून राहिले. बैरुत शहराच्या कडेला बुर्ज हम्मूद नावाचा भाग आहे. तेथे आधी निर्वासितांच्या झोपड्या होत्या. त्या लोकांनी हळूहळू घरे बांधली, शाळा काढल्या, छापखाने काढले, चर्च बांधली. गल्ल्यांना हरवलेल्या गावांची नावे दिली. ज्या गावात परत जाता येत नाही, त्या गावाचे नाव गल्लीला देऊन माणसे जगत होती.

या बैरुत शहरात १९४५ साली जिरायर लिबारिदियन यांचा जन्म झाला. घराघरांतून १९१५ पाहिलेली माणसे अजून जिवंत होती. मुले झोपताना राजाराणीच्या नव्हे, तर वाटेत सुटलेल्या बहिणीच्या गोष्टी ऐकत, अशी ती पिढी होती. पुढे ते अमेरिकेला गेले. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी इतिहासात पीएच. डी. मिळविली. विषय होता आर्मेनियन मुक्तीचा विचार. क्रांतिकारक चळवळ सुरू होण्यापूर्वी, १६३९ ते १८८५ या काळात, आर्मेनियन लोकांनी आपल्या मुक्तीचा कसकसा विचार केला याचा त्यांनी अभ्यास केला.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. या कालखंडातील एक महत्त्वाचा धागा आपल्या देशातून जातो! अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रासमध्ये शहामीर शहामीरियन नावाचा श्रीमंत आर्मेनियन व्यापारी राहत होता. त्याच्या भोवती जमलेल्या मंडळींनी छापखाना काढला आणि भावी स्वतंत्र आर्मेनियासाठी एक राज्यघटनाच लिहून छापली. देश ताब्यात नाही, सैन्य नाही, पण लोकांनी निवडलेले प्रतिनिधी असावेत आणि राजाच्या मर्जीऐवजी कायद्याचे राज्य असावे, हे त्यांनी परमुलखात बसून कागदावर मांडले. जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक 'अझदरार' हेही १७९४ मध्ये मद्रासमध्येच निघाले. मुंबईच्या फोर्ट भागात आर्मेनियन चर्च आहे. ऑफिसच्या कामाने आम्ही कितीदा त्यावरून गेलो असू! पण हे कोण लोक, कोठून आले, याची चौकशी करण्याचे आमच्या मनात कधी आले नाही. ती आम्ही आता केली.

म्हाताऱ्यांचे बोल टिपून ठेवले

१९८२ साली लिबारिदियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील केंब्रिज या गावी झोरयान संस्था स्थापन केली. त्या वेळी १९१५ मधून वाचलेली माणसे सत्तरी-ऐंशीच्या पुढे गेली होती. आज नाही तर उद्या ती जाणार आणि त्यांच्याबरोबर त्यांचे तोंडचे शब्दही जाणार. झोरयान संस्थेने अशा शेकडो वृद्धांच्या मुलाखती घेऊन ध्वनिचित्रफिती तयार केल्या. गाव कोणते, घरात कोण कोण होते, हाकलले तेव्हा काय घेतले, कोण कोठे पडले, असे सारे विचारून नोंदविले.

वाचकहो, याचे महत्त्व लक्षात घ्या. ज्याने गुन्हा केला त्याच्या दप्तरात गुन्ह्याची नोंद तो आपल्या सोयीने करतो. आम्ही हिशेबाची वही सांभाळणारी माणसे आहोत. ज्या व्यवहाराची पावती नाही तो व्यवहार झालाच नाही, असे म्हणणारे लोक आम्ही रोज पाहतो. या मुलाखती म्हणजे त्या पावत्या होत्या.

१९८४ च्या एप्रिलमध्ये पॅरिस येथे एक लोकन्यायासन बसले. त्याला कोणत्याही सरकारचे अधिकार नव्हते. पण जगातील नामवंत न्यायपंडित आणि विचारवंत त्यात होते. त्यांनी पुरावे तपासले आणि १९१५ मध्ये जे झाले तो वंशसंहारच होता असा निर्णय दिला. लिबारिदियन यांनी तेथे तेव्हाच्या तुर्की राज्यकर्त्यांच्या विचारसरणीवर मांडणी केली. त्या कामकाजाचे इंग्रजी पुस्तक १९८५ मध्ये निघाले, त्याचे संपादनही त्यांनीच केले. 'अ क्राइम ऑफ सायलेन्स' म्हणजे गप्प राहण्याचा गुन्हा, असे त्याचे नाव. यावरून हा माणूस वंशसंहार विसरणाऱ्यांपैकी नव्हता, हे स्पष्ट होते. ही गोष्ट वाचकांनी मनात ठेवावी, कारण पुढे याच माणसावर टीका झाली ती नेमकी याच विषयावरून!

बोलावणे आले

१९८८ साली सोव्हिएत आर्मेनियात मोठी उलथापालथ सुरू झाली. शेजारच्या सोव्हिएत अझरबैजानमध्ये नागोर्नो-काराबाख नावाचा डोंगराळ प्रदेश होता. तेथील वस्ती बहुतांश आर्मेनियन. १९८८ च्या फेब्रुवारीत तेथील प्रादेशिक सोव्हिएतने आर्मेनियात सामील होण्याचा ठराव केला. त्याच महिन्याच्या अखेरीस अझरबैजानमधील सुमगाईत शहरात आर्मेनियनांवर हल्ले झाले, खून पडले. दोन्हीकडून लोक घरदार सोडून पळू लागले. आर्मेनियातील अझरबैजानी लोकांनाही गावे सोडावी लागली. अशात ७ डिसेंबर १९८८ रोजी उत्तर आर्मेनियात भूकंप झाला. किमान पंचवीस हजार माणसे ढिगाऱ्याखाली मेली.

या चळवळीतून पुढे आलेला नेता म्हणजे लेव्हॉन तेर-पेत्रोस्यान. हाही विद्वान माणूस. येरेवानच्या मातेनादारान या जुन्या हस्तलिखितांच्या ग्रंथालयात तो काम करीत असे. आणि योगायोग असा की, त्याचाही जन्म १९४५ चाच, सीरियातील अलेप्पो शहरातला! त्याचे आईवडील १९४६ मध्ये सोव्हिएत आर्मेनियात राहायला आले. म्हणजे एकाच साली, निर्वासितांच्या दोन शहरांत दोन मुले जन्मली. एक सोव्हिएत राजवटीत वाढला, दुसरा अमेरिकेत प्राध्यापक मंडळींत गेला. चळवळीपायी तेर-पेत्रोस्यानने तुरुंगवासही भोगला. १९९१ साली दोघे एकत्र आले.

२१ सप्टेंबर १९९१ रोजी आर्मेनियात स्वातंत्र्यासाठी सार्वमत झाले. ऑक्टोबरमध्ये तेर-पेत्रोस्यान राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. त्या वर्षी लिबारिदियन अमेरिका सोडून येरेवानला आले आणि राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार झाले. १९९३-९४ मध्ये ते पहिले उपपरराष्ट्रमंत्री होते आणि नंतर पुन्हा राष्ट्राध्यक्षांचे प्रमुख सल्लागार. आजवर जो माणूस ग्रंथालयात बसून राज्य हरवलेल्या लोकांचा इतिहास लिहीत होता, तो आता राज्याच्या टेबलाशी बसला. ग्रंथातील चूक पुढच्या आवृत्तीत सुधारता येते. राज्याच्या टेबलावरच्या चुकीची किंमत कोणाचा तरी मुलगा सरहद्दीवर चुकवतो.

अंधाराची वर्षे

ते टेबल कसे होते तेही पाहू. काराबाखवरून अझरबैजानशी उघड युद्ध पेटले होते. अझरबैजानने रेल्वे आणि इंधनाचा मार्ग बंद केला. जॉर्जियातून येणारी गॅसची वाहिनी वारंवार स्फोटाने फुटे. मेत्सामोर येथील अणुवीज केंद्र भूकंपानंतर १९८९ मध्येच बंद केले होते, ते १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू होईपर्यंत दिवसाला एखाददुसरा तास वीज मिळे. येरेवानच्या हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो. लोकांनी बागेतील आणि रस्त्यावरील झाडे तोडली. इमारतींतील लोकांनी घरात पत्र्याच्या शेगड्या बसवून धुराच्या नळ्या खिडकीतून बाहेर काढल्या. पुस्तके आणि लाकडी सामान जाळून मुलांना ऊब दिली. पावासाठी पहाटेपासून रांगा. आर्मेनियन लोक आजही त्या काळाला 'अंधाराची आणि थंडीची वर्षे' म्हणतात. लाखो लोक पोटासाठी देश सोडून गेले.

आमच्या माताभगिनींना हे समजावून सांगण्याची गरज नाही. घरात रॉकेल नसले, चूल पेटली नाही आणि मूल भुकेने रडत असले की मोठमोठ्या विचारांचे काय होते, हे त्यांना ठाऊक आहे.

गहू आणि आठवण

अशा वेळी सल्लागारासमोर प्रश्न आला तो तुर्कस्तानचा. ज्या राज्याच्या पूर्वसुरींनी १९१५ मध्ये आपल्या आजीआजोबांना वाळवंटात मारले, ज्याने त्याचा एकदाही स्वीकार केला नाही, त्याच राज्याशी बोलणी करावीत काय?

तेर-पेत्रोस्यान आणि लिबारिदियन यांचे उत्तर होते : होय, करावीत. वंशसंहार मान्य करा आणि मगच आमच्याशी बोला, अशी अट घालायची नाही. त्यांचा विचार असा की, इतिहासाचे सत्य हे सत्यच राहील, ते संशोधक मांडतील. पण तीस लाख लोकांच्या जगण्याची व्यवस्था त्या अटीवर अडवून ठेवता येणार नाही. शेजारी बदलता येत नाहीत. दूरचे मोठे राष्ट्र आपल्याला वाचवायला येईल या आशेवर आर्मेनियन लोक शंभर वर्षे बसले आणि दर वेळी फसले. तेव्हा शेजाऱ्याशी आपणच बोलले पाहिजे.

या धोरणाचा काही उपयोगही झाला. १९९२ च्या अखेरीस युरोपने मदत म्हणून दिलेला गहू तुर्कस्तानच्या रेल्वेमार्गाने आर्मेनियात येऊ लागला. वीज विकत घेण्याचीही बोलणी झाली होती, पण अझरबैजानच्या दबावामुळे ती तडीस गेली नाही. १९९३ च्या एप्रिलमध्ये आर्मेनियन फौजांनी काराबाखबाहेरचा केल्बाजार हा अझरबैजानचा जिल्हा घेतला, तेव्हा तुर्कस्तानने सरहद्दच बंद केली. त्याच महिन्यात तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष तुर्गुत ओझाल वारले. सरहद्द बंद असतानाही तेर-पेत्रोस्यान अंत्यविधीला अंकारा येथे गेला! वंशसंहारातून वाचलेल्यांचा राष्ट्राध्यक्ष तुर्की राष्ट्राध्यक्षाच्या अंत्ययात्रेत! परदेशस्थ आर्मेनियनांना हे कसे वाटले असेल याची कल्पना करा.

आणि येथेच एका समाजाची दोन मने समोर आली. बैरुत, पॅरिस, लॉस एंजेलिसचा आर्मेनियन म्हणत होता, आमच्या आजीचा खून आधी मान्य करा. येरेवानची आई म्हणत होती, आधी माझ्या मुलाला गहू द्या. दोघींपैकी खोटी कोण? कोणीच नाही! पहिला परराष्ट्रमंत्री राफी होव्हानिसियन हाही अमेरिकेत जन्मलेला आर्मेनियनच होता. त्याने १९९२ मध्ये इस्तंबूलच्या भर बैठकीत तुर्कस्तानवर कडक टीका केली आणि त्याला पद सोडावे लागले. लिबारिदियन स्वतः परदेशस्थांपैकी, वंशसंहाराचे पुरावे गोळा करणारे. त्यांनी येरेवानच्या आईची बाजू घेतली. परदेशस्थांच्या अनेक संघटनांनी या धोरणावर कडाडून टीका केली.

शत्रूच्या सल्लागाराबरोबर

१९९४ च्या मे महिन्यात काराबाखमध्ये युद्धबंदी झाली. सुमारे तीस हजार माणसे मेली होती. दोन्ही बाजूंचे मिळून दहा लाखांच्या आसपास लोक बेघर झाले होते. या युद्धात आर्मेनियन बाजू जिंकली. काराबाख तर हाती आलेच, शिवाय त्याभोवतीचे अझरबैजानचे जिल्हेही पूर्णपणे किंवा अंशतः ताब्यात आले आणि तेथील अझरबैजानी रहिवासी हाकलले गेले. १९९२ च्या फेब्रुवारीत खोजाली येथे शेकडो अझरबैजानी नागरिक मारले गेले, हेही येथे नमूद केले पाहिजे. ज्याने सोसले त्याच्या हातून दुसऱ्यावर अन्याय होतच नाही, असे इतिहास सांगत नाही.

जिंकलेल्या बाजूचा सल्लागार आता काय करतो? लिबारिदियन यांनी अझरबैजानच्या राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार वफा गुलुजादे यांच्याशी समोरासमोर, गाजावाजा न करता बोलणी केली. वर्तमानपत्रात एकमेकांचे शत्रू असलेले हे दोन सल्लागार परक्या शहरात टेबलाशी बसत आणि काय देता येईल, काय घेता येईल याचा विचार करीत. विषय अवघड होता. आजूबाजूचे जिल्हे परत द्यावेत, बदल्यात शांतता, खुले रस्ते आणि काराबाखच्या लोकांच्या सुरक्षेची हमी घ्यावी, काराबाखचा अंतिम दर्जा मागाहून ठरवावा, अशी पायरीपायरीची वाट पुढे आली. तडजोड मात्र झाली नाही. १९९६ च्या डिसेंबरमध्ये लिस्बन येथे युरोपच्या सुरक्षा व सहकार्य संघटनेची परिषद भरली. तेथे अझरबैजानच्या प्रादेशिक अखंडतेच्या तत्त्वाला चोपन्नपैकी त्रेपन्न राष्ट्रांनी पाठिंबा दिला. विरोधात एकटा आर्मेनिया! जगाचा कल कोणीकडे आहे, हे त्या एका आकड्यावरून कळले.

या राजवटीचे दोषही आम्ही झाकून ठेवणार नाही. १९९४ च्या डिसेंबरमध्ये सरकारने दाश्नाक या जुन्या पक्षावर बंदी घातली. लिबारिदियन यांनी तरुणपणी याच पक्षात काम केले होते. १९९६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत गैरप्रकाराचे आरोप झाले, लोक रस्त्यावर आले आणि येरेवानमध्ये रणगाडे आणले गेले. विद्वान माणसे सत्तेवर बसली म्हणजे कारभार आपोआप स्वच्छ होतो असे नाही. जनतेचा विश्वास गमावलेले सरकार जनतेला कडू औषध पाजू शकत नाही. पुढे नेमके तेच झाले.

राजीनामा

१९९७ च्या सप्टेंबरमध्ये लिबारिदियन यांनी पद सोडले. १ नोव्हेंबर १९९७ रोजी तेर-पेत्रोस्यान यांनी स्वतःच्या नावाने लेख लिहून लोकांना विचारले की, युद्ध पाहिजे की शांतता? त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, आज आपण बलवान आहोत, तर आजच तडजोड करावी. काळ आपल्या बाजूने नाही. अझरबैजानकडे तेल आहे, उद्या तो देश श्रीमंत होईल, शस्त्रे घेईल. मग आज मिळते तेवढेही मिळणार नाही. पंतप्रधान, संरक्षणमंत्री आणि गृहमंत्री या तिघांनीही विरोध केला. ३ फेब्रुवारी १९९८ रोजी तेर-पेत्रोस्यान यांना राजीनामा द्यावा लागला.

लिबारिदियन अमेरिकेला परतले आणि पुन्हा इतिहासाकडे वळले. १९९९ मध्ये त्यांनी 'द चॅलेंज ऑफ स्टेटहुड' हे पुस्तक लिहिले. राज्य मिळविणे एक, आणि राज्य चालविण्याइतके शहाणपण अंगी बाणवणे दुसरे, हा त्या पुस्तकाचा आशय. २००१ ते २०१२ पर्यंत त्यांनी मिशिगन विद्यापीठात आधुनिक आर्मेनियाचा इतिहास शिकविला.

पुढे काय झाले?

पुढच्या सरकारांनी वंशसंहाराच्या मान्यतेचा प्रश्न परराष्ट्र धोरणात पुढे आणला. अनेक देशांनी मान्यता दिली. २०२१ च्या २४ एप्रिलला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीही तो शब्द उच्चारला. हे यश लहान नाही. १९१५ मध्ये मेलेल्यांना त्यामुळे थोडा न्याय मिळाला. पण तुर्कस्तानशी राजनैतिक संबंध जुळले नाहीत. २००९ मध्ये झुरिच येथे दोन्ही देशांनी करारपत्रांवर सह्या केल्या, पण ते करार मंजूरच झाले नाहीत.

इकडे तेलाच्या पैशावर अझरबैजान बलवान झाला. २७ सप्टेंबर २०२० रोजी युद्ध सुरू झाले आणि चव्वेचाळीस दिवसांत आर्मेनियन बाजू हरली. दोन्हीकडचे हजारो तरुण मेले. डिसेंबर २०२२ पासून काराबाखचा रस्ता अडविण्यात आला, औषध आणि अन्न तुटले. १९ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटचा हल्ला झाला. काही दिवसांतच एक लाखाहून अधिक आर्मेनियन, म्हणजे जवळजवळ सारी वस्ती, मोटारी आणि ट्रॅक्टरमध्ये जे बसले ते घेऊन बाहेर पडली. शतकापूर्वी आजीने जसे घर सोडले होते तसेच नातीने सोडले. ऑगस्ट २०२५ मध्ये वॉशिंग्टन येथे दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरे केली. तोपर्यंत देण्यासारखे फारसे हातात उरलेच नव्हते.

मग १९९७ मध्ये सल्लागाराचे ऐकले असते तर हे टळले असते काय? आम्ही असा छातीठोक दावा करणार नाही. जिल्हे परत दिल्यावर अझरबैजानने शब्द पाळला असता याची खात्री कोणी दिली असती, हा विरोधकांचा प्रश्न पोकळ नव्हता. ज्यांच्या कानात १९१५ चा आक्रोश आहे त्यांनी सहज विश्वास ठेवावा तरी कसा? पण एवढे खरे की, विजयाच्या दिवशी हिशेब करा असे सांगणारी माणसे थोडी असतात आणि त्या दिवशी ती कोणालाच आवडत नाहीत. घरात चार पैसे आले की सण करावा वाटतो, वही उघडावी वाटत नाही. नुकसान झाल्यावर मात्र सगळे वही शोधतात.

त्या मुलीला आम्ही काय सांगितले

लिबारिदियन यांनी आयुष्यात दोन कामे केली. पहिले, वृद्धांचे शब्द जपून ठेवले, जेणेकरून कोणी खोटे म्हणू नये. दुसरे, त्याच शब्दांना त्यांनी राज्याच्या वाटेतील धोंड होऊ दिले नाही. पहिल्या कामासाठी शाबासकी मिळाली, दुसऱ्यासाठी बोल बसले. आमच्या अल्पमतीप्रमाणे पहिले काम ज्याने मनापासून केले, त्यालाच दुसरे बोलण्याचा अधिकार पोहोचतो. ज्याने आजीचे दुःख कधी ऐकलेच नाही, त्याने "जुने विसरा" म्हणणे हा निर्लज्जपणा आहे. पण ज्याने ते शब्दन् शब्द ऐकून लिहून ठेवले, त्याने "आता नातीच्या भाकरीचेही बघू" म्हटले तर ते थांबून ऐकले पाहिजे.

त्या दिवशी आम्ही मुलीच्या वडिलांना एवढेच म्हणालो, "दादा, इतिहास शिकून लगेच नोकरी लागेल असे खोटे आश्वासन आम्ही देत नाही. तिने सोबत टायपिंग आणि संगणकही शिकावा, स्पर्धा परीक्षेची पुस्तके वाचावीत. पण तिला इतिहास घेऊ द्या." आणि मुलीला सांगितले, "बाळ, कॉलेज सुरू होण्याआधी एक वही आण. आजीजवळ बस आणि तिला विचार. गाव कोणते, घर कसे होते, कोणी काय केले, कोणी पाणी दिले, कोणी दिले नाही. आजी सांगेल तसे लिही. ज्याने पाणी दिले त्याचेही नाव लिही."

वडील थोडा वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "आईला आता नीट ऐकू येत नाही भाऊ. पण बोलते भरपूर."

मुलीने त्याच संध्याकाळी दोनशे पानी वही विकत आणली, असे कळते. आजीचे वय ऐंशीच्या पुढे आहे. वाचकहो, आपल्याही घरात अशी एखादी आजी असेल. तिच्याजवळ आजच बसा.